डोक्याकडे शेवटी पाहा: सहा धोबी पक्षी ओळखण्याची पद्धत

शेपटी सतत खालीवर हलवत पाण्याच्या कडेने तुरुतुरु धावणारे धोबी, म्हणजेच परीट, महाराष्ट्रात आणि गोव्यात मुख्यतः सहा जातींचे दिसतात. त्यांपैकी पांढऱ्या भुवईचा धोबी, ज्याला मोठा धोबीही म्हणतात, आपल्याकडे बारमाही राहतो आणि येथेच वीण करतो. पांढरा धोबी, करडा धोबी, पिवळा धोबी, पिवळ्या डोक्याचा धोबी आणि रानधोबी हे पाच हिवाळी पाहुणे असून त्यांचा मुक्काम साधारण सप्टेंबरपासून एप्रिलपर्यंत असतो. सहा ही संख्या काही फार मोठी नव्हे. तरीही उजनीच्या काठावरच्या चिखलात दहा-पंधरा धोबी एकत्र चरताना दिसले की त्यांत नक्की किती जाती आहेत यावर पक्षिनिरीक्षकांचे हमखास दुमत होते, कारण नर, मादी, पहिल्या हिवाळ्यातील पिल्लू आणि निरनिराळ्या उपजातींचे पक्षी आपापला वेगळा चेहरा घेऊन समोर येतात.

चित्रमय पुस्तकांत या पक्ष्यांची डोकी ठळकपणे रंगवलेली असतात, आणि नवखा निरीक्षक स्वाभाविकपणे डोक्यापासूनच सुरुवात करतो. माझ्या मते घोळ होतो तो येथेच. धोब्याच्या डोक्यावरून बहुतेक वेळा त्याची उपजात, वय, लिंग आणि चालू महिना यांचा अंदाज येतो. जात मात्र पाठ, पंखांवरचे पट्टे, शेपटीखालची पिसे आणि पाय यांवरून ठरते. म्हणून पुढे दिलेल्या क्रमात डोके मुद्दाम शेवटी ठेवले आहे. त्याला एक अपवाद आहे, तो काळ्या-पांढऱ्या जोडीचा. त्याचा विचार त्या ठिकाणी केला आहे.

आधी महिना, मग जागा

दुर्बीण डोळ्याला लावण्यापूर्वीच निम्मे काम होऊ शकते. मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत महाराष्ट्राच्या पठारावर किंवा कोकणात धोबी दिसला, तर तो जवळजवळ निश्चितपणे पांढऱ्या भुवईचा धोबी असतो, कारण बाकीचे पाचही तोवर आपापल्या विणीच्या प्रदेशांत गेलेले असतात. पाहुण्यांमध्ये करडा धोबी सर्वांत आधी येतो आणि ऑगस्टअखेरीलाच सह्याद्रीतील ओढ्यांवर दिसू लागतो. पिवळ्या रंगाचे इतर दोघे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पाणथळ जागी जमू लागतात.

जागेचाही बराच उपयोग होतो, मात्र तेवढ्यावर विसंबून राहू नये. खडकाळ, वाहते पाणी आणि सावलीतला घाटरस्ता हे करड्या धोब्याचे ठिकाण होय. जलाशयाच्या कडेची ओली हिरवळ, गुरांच्या पायांजवळची जमीन आणि नुकतीच पाणी दिलेली शेते पिवळ्या धोब्याला आवडतात. पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवरून, जलपर्णीवरून आणि दलदलीतल्या खुरट्या झुडपांतून फिरणारा बहुधा पिवळ्या डोक्याचा असतो. पांढरा धोबी क्रिकेटच्या मैदानापासून बसस्थानकाच्या आवारापर्यंत कोठेही उतरतो. रानधोबी तेवढा पाण्यापासून दूर, झाडांखालच्या पालापाचोळ्यात सापडतो. हे सगळे झाले कल. स्थलांतराच्या दिवसांत यांतला कोणताही पक्षी दुसऱ्याच्या जागी उतरू शकतो.

पहिली विभागणी: अंगावर पिवळा आहे का?

८×४२ सारख्या साध्या दुर्बिणीतून सर्वप्रथम पक्ष्याचा खालचा भाग पाहावा. छाती, पोट किंवा शेपटीखालचा भाग यांत कोठेही स्पष्ट पिवळा रंग असेल तर करडा, पिवळा आणि पिवळ्या डोक्याचा या तिघांचा विचार करावा. नसेल तर मोठा, पांढरा आणि रानधोबी हे तिघे उरतात. या विभागणीला दोन पळवाटा आहेत. पांढऱ्या धोब्याच्या पहिल्या हिवाळ्यातील पिल्लाच्या चेहऱ्यावर फिकट पिवळसर झाक असू शकते. आणि पिवळा व पिवळ्या डोक्याचा या दोन्ही जातींची काही पिल्ले पहिल्या हिवाळ्यात राखाडी-पांढरीच दिसतात, त्यांच्या अंगावर पिवळा जवळपास नसतोच. म्हणून सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात पिवळा नसलेल्या पक्ष्याच्या छातीवर काळा पट्टा आहे ना, हे अवश्य तपासावे. पांढऱ्या धोब्याच्या छातीवर हा पट्टा किंवा निदान त्याची चंद्रकोर सर्व वयांत दिसते. ती नसेल तर पक्षी पिवळ्या गटातला असण्याची शक्यता अधिक.

काळे-पांढरे दोघे

या दोघांत डोके पाहावेच लागते. पांढऱ्या भुवईच्या धोब्याचे कपाळ, माथा, गाल, गळा आणि पाठ हे सर्व एकसंध काळे असते आणि त्या काळ्यात चोचीच्या मुळाशी सुरू होऊन डोळ्याच्या बऱ्याच मागेपर्यंत जाणारी ठसठशीत पांढरी भुवई उठून दिसते. पांढऱ्या धोब्यात याच्या उलट मांडणी असते. त्याचे कपाळ पांढरे असते आणि डोळा पांढऱ्या भागात बसलेला असतो. कपाळ काळे की पांढरे, या एकाच प्रश्नाने प्रौढ पक्ष्यांचा निकाल लागतो.

त्याला पाठीची जोड द्यावी. आपल्याकडे येणाऱ्या बहुसंख्य पांढऱ्या धोब्यांची पाठ राखाडी असते, तर मोठ्या धोब्याची काळी असते. मादीची पाठ किंचित फिकी, धुरकट काळी दिसते. आकारातही फरक आहे. मोठा धोबी सुमारे २१ सेंटीमीटर लांबीचा, म्हणजे साधारण लालबुड्या बुलबुलाएवढा भरतो. पांढरा त्याहून लहान आणि सडपातळ असतो.

खरी अडचण मोठ्या धोब्याच्या पिल्लांची असते. त्यांचे डोके आणि पाठ काळी नसून तपकिरी-राखाडी असते, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये अशा पिल्लाची नोंद ‘पांढरा धोबी’ म्हणून सहज होऊन जाते. अशा वेळी कपाळाचाच आधार घ्यावा. पिल्लाचेही कपाळ डोक्यासारखेच गडद असते आणि भुवई, फिकी का असेना, वेगळी रेघ म्हणून दिसते. शिवाय जवळपास आईबाप असण्याची शक्यता मोठी. नदीपात्रातल्या खडकावर, पुलाच्या कठड्यावर किंवा गच्चीवरच्या टाकीवर बसून मंजुळ, लांबलचक शीळ घालणारा नर दिसला की शंका उरत नाही. दयाळ पक्ष्याचा नरही काळा-पांढरा असतो आणि नवखे त्यालाच धोबी समजतात. पण दयाळाला भुवई नसते आणि तो शेपटी वर उभारून बसतो.

पांढऱ्या धोब्याच्या उपजातींचा विषय रंजक आहे, आणि त्यातल्या एकीचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि निसर्ग-अभ्यासक कर्नल विल्यम सायक्स यांनी १८३२ मध्ये दख्खनच्या पक्ष्यांची जी यादी प्रसिद्ध केली, त्यात येथील पांढऱ्या धोब्याला ‘दुखुनेन्सिस’ असे नाव दिले. ‘दुखुन’ म्हणजे दख्खन. याची पाठ राखाडी असते. हिवाळ्यात गळा पांढरा आणि छातीवर काळी चंद्रकोर असते. मार्चच्या सुमारास गळ्यात नवी काळी पिसे येऊन चंद्रकोर आणि गळा एकत्र होतात. ‘पर्सोनाटा’ या उपजातीत काळा रंग गळ्यावरून मानेच्या बाजूंना पसरलेला असतो आणि पांढरा फक्त कपाळ व डोळ्याभोवती मुखवट्यासारखा उरतो. ‘ल्युकॉप्सिस’ ही आपल्याकडे कमी दिसते. तिच्यात गळा विणीच्या काळातही पांढराच राहतो आणि नराची पाठ काळी होते. काळी पाठ पाहून तिला मोठा धोबी म्हणण्याची घाई करू नये. तिचा चेहरा पांढरा असतो.

पिवळ्या गटात शेपटीखाली पाहा

या लेखाचा मुख्य भाग हाच आहे, आणि येथे क्रम पाळण्याचा आग्रह मी धरीन. पक्षी समोरून पाहत असेल तर तो वळेपर्यंत थांबावे. धोबी स्वस्थ बसत नाही, त्यामुळे फार वाट पाहावी लागत नाही.

सुरुवात पाठीच्या रंगापासून करावी. पाठ हिरवट किंवा हिरवट-तपकिरी असेल तर पिवळा धोबी. पाठ स्वच्छ राखाडी असेल तर करडा किंवा पिवळ्या डोक्याचा. काही माद्या आणि पिल्ले यांच्या पाठीवर दोन्ही छटांचे मिश्रण दिसते. तेथे अडून न बसता पुढे जावे.

त्यानंतर शेपटीखालची पिसे, म्हणजे पोट संपते तेथपासून शेपटीच्या मुळाखाली पसरलेला भाग पाहावा. करड्या धोब्यात हा भाग अंगावरचा सर्वांत तेजस्वी पिवळा असतो. हिवाळ्यात त्याची छाती जवळपास पांढरट झाली तरी येथला पिवळा कायम राहतो. पिवळ्या डोक्याच्या धोब्यात, डोके कितीही झळझळीत असले तरी, हा भाग पांढरा असतो. पिवळ्या धोब्यात तो बहुधा पिवळा किंवा पिवळसर असतो, पण पहिल्या हिवाळ्यातील फिकट पिल्लांत पांढरट वाटू शकतो. थोडक्यात, राखाडी पाठ आणि शेपटीखाली पिवळा म्हणजे करडा. राखाडी पाठ आणि शेपटीखाली पांढरा म्हणजे पिवळ्या डोक्याचा. चेहऱ्याकडे न पाहताच येथवर येता येते.

पंखांवरून या निष्कर्षाची पडताळणी करावी. पिवळ्या डोक्याच्या धोब्याच्या मिटलेल्या पंखावर दोन रुंद, शुभ्र पट्टे असतात आणि ते दुरूनही डोळ्यांत भरतात. पिवळ्या धोब्याचे पट्टे अरुंद आणि पिवळसर किंवा मळकट पांढरे असतात. करड्याच्या मिटलेल्या पंखावर असे आडवे पट्टे नसतात. काळसर पंखावर आतल्या पिसांच्या फिकट कडा तेवढ्या दिसतात, आणि उडताना मात्र पंखात पांढरी पट्टी चमकते. येथे महिन्याचे भान ठेवावे. ऑक्टोबरमध्ये पिसे नवी असल्याने पट्टे रुंद असतात. मार्चपर्यंत पिसांच्या कडा झिजून पिवळ्या धोब्याचे पट्टे जवळजवळ नाहीसे होतात, आणि पिवळ्या डोक्याच्या धोब्याचेही थोडे बारीक होतात.

पाय चिखलात रुतलेले नसतील तर एक खूण फुकट मिळते. करड्या धोब्याचे पाय फिकट, गुलाबीसर असतात. इतर दोघांचे काळे. शेपटीची लांबीही त्याच्याच बाजूने साक्ष देते. करड्याची शेपटी एवढी लांब असते की ती हलवताना पक्ष्याचा सगळा मागचा भाग झुलतो. पिवळ्या धोब्याची शेपटी या मानाने आखूड असते.

आता डोके पाहायला हरकत नाही. विणीच्या पिसाऱ्यातील पिवळ्या डोक्याचा नर कोणालाही ओळखता येतो: डोके आणि खालचा भाग भडक पिवळा, मानेवर काळी कॉलर, पाठ राखाडी. लडाखसारख्या उंच प्रदेशात वीण करणाऱ्या ‘काल्काराटा’ उपजातीत मार्च-एप्रिलमध्ये पाठही काळी होते. हिवाळ्यात मात्र हाच पक्षी फिका पडतो आणि मग पाहायची ती भुवई. त्याची पिवळी किंवा पिवळसर भुवई डोळ्यावरून मागे जाऊन कानाजवळच्या गडद ठिपक्याला वळसा घालते आणि मानेच्या बाजूला उतरते, म्हणजे गालाभोवती फिकट चौकट तयार होते. पिवळ्या धोब्याची भुवई डोळ्यामागे संपते. गालाला अशी चौकट होत नाही.

पहिल्या हिवाळ्यातील राखाडी पिल्लांसाठी ही चौकट सर्वांत विश्वासार्ह खूण आहे. कमळाच्या पानावर धावणारे असे एक पिल्लू बाजूने, दहा-बारा मीटरवरून पाहिले तर पुढील गोष्टी एकामागोमाग नजरेस येतात: वर राखी, खाली पांढरे, डोळा आणि चोच यांमधला भाग फिका, त्यामुळे चेहरा मोकळा आणि सौम्य वाटतो, चोच संपूर्ण गडद, पंखावर दोन पांढरे पट्टे, आणि गालामागून फिकट वळसा. पिवळ्या धोब्याच्या पिल्लात चोच व डोळा यांमधला भाग गडद असतो, त्यामुळे डोळ्यातून आरपार रेघ गेल्यासारखी वाटते, आणि खालच्या चोचीचे मूळ फिकट दिसते. चोचीची खूण टिपायला प्रकाश चांगला हवा. तो नसेल तर तिच्यावर भिस्त ठेवू नये.

पिवळ्या धोब्याच्या नरांची डोकी

जात ठरल्यानंतर पिवळ्या धोब्याच्या प्रौढ नरांत उपजात शोधण्याचा आनंद घेता येतो, आणि तो घ्यावा, मात्र फेब्रुवारीच्या आधी नाही. ‘थुनबर्गी’चे डोके गडद राखाडी, गाल काळसर, आणि भुवई नसल्यात जमा. ‘बीमा’चे डोके फिकट निळसर राखाडी आणि भुवई ठळक पांढरी. ‘फेल्डेग’चे डोके काळे कुळकुळीत, भुवईविना. ‘ल्युटिया’चे डोके पिवळे असते आणि म्हणून तो पिवळ्या डोक्याच्या धोब्याशी गफलत घडवतो, पण त्याची पाठ हिरवट असते आणि मानेवर काळी कॉलर नसते. पाठ आधी पाहण्याचा नियम येथे कामी येतो.

यांतील ‘बीमा’ हे नावही सायक्स यांनी १८३२ मध्येच दिले, ते भीमा नदीवरून. त्याच भीमेवर आज उजनीचा जलाशय आहे आणि भिगवण, कुंभारगाव परिसरातील काठांवर हिवाळ्यात पिवळे धोबी थव्यांनी उतरतात. तेथे मार्चअखेरीस गेल्यास फिकट राखाडी डोक्याचे, पांढऱ्या भुवईचे नर शोधून पाहावेत. माद्यांच्या उपजाती ठरवण्याच्या फंदात पडू नये; त्यात वेळ जातो आणि हाती काही लागत नाही.

पिसे कधी बदलतात हे ठाऊक असावे

प्रौढ धोबी वीण उरकल्यावर, स्थलांतराला निघण्यापूर्वी, सगळी पिसे बदलतात आणि फिकट पण नवा पिसारा घेऊन आपल्याकडे येतात. दुसरा, अर्धवट पिसेबदल आपल्याकडे असतानाच, साधारण जानेवारी ते एप्रिलमध्ये होतो, आणि त्यात मुख्यतः डोके, गळा व अंगावरची पिसे बदलतात. त्यामुळे फेब्रुवारीत अर्धे डोके काळे आणि अर्धे राखाडी असलेला, किंवा पिवळ्या कपाळावर राखाडी ठिपके असलेला पक्षी दिसला तर ती नवी उपजात नव्हे, संकरही नव्हे. करड्या धोब्याच्या नराचा गळाही याच काळात काळा होऊ लागतो आणि त्याच्या कडेने पांढरी मिशी दिसते.

म्हणून नवख्या माणसाने सप्टेंबरमध्ये सुरुवात करू नये, असे मी सुचवीन. तेव्हा पिल्ले सर्वाधिक आणि रंग सर्वांत फिके असतात. मार्चचा उत्तरार्ध उत्तम. त्या पंधरवड्यात प्रौढ नर पूर्ण रंगात असतात. त्यांच्यावर डोळा तयार झाला की पुढच्या सप्टेंबरमधील फिकट पक्षी हाताळता येतात. नाशिक जिल्ह्यातील नांदूरमध्यमेश्वर किंवा गोव्यातील करमळीचे तळे येथे पिवळा आणि पिवळ्या डोक्याचा शेजारीशेजारी पाहून तुलना करण्याची संधी मिळू शकते.

रानधोबी

याच्याबाबत फारसा गोंधळ नाही. पाठ हिरवट-तपकिरी, खालचा भाग पांढरा, छातीवर दोन काळे पट्टे (खालचा मध्ये तुटलेला), काळ्या पंखांवर दोन फिकट पिवळसर पट्टे आणि गुलाबीसर पाय. इतर पाच धोबी शेपटी खालीवर हलवतात. हा ती मागच्या भागासकट डावीउजवीकडे झुलवतो. सह्याद्रीतील दाट झाडीच्या पायवाटांवर आणि गोव्यातील मोलेसारख्या जंगलांत तो शोधावा. अडचण ओळखण्याची नसून दिसण्याची आहे, कारण पाचोळ्यात त्याचा रंग पूर्ण मिसळून जातो.

प्रकाश, छायाचित्र आणि आवाज

सूर्य मावळतीला असताना शेपटीखालचा पांढरा भाग पिवळा भासतो आणि हिरवळीवर उभ्या पक्ष्याच्या पोटावर हिरवट छटा पडते. त्यामुळे सायंकाळच्या शेवटच्या तासात केवळ या खुणेवर जात ठरवू नये. पंखपट्टे आणि गालाची चौकट यांचा आधार घ्यावा. दुपारच्या कडक उन्हात उलटे होते, फिकट पिवळा धुऊन निघतो. छायाचित्र काढताना एक्स्पोजर अर्ध्या ते एका स्टॉपने कमी ठेवल्यास पांढऱ्या आणि पिवळ्या पिसांचा तपशील टिकतो. समोरून काढलेला चेहऱ्याचा सुंदर फोटो ओळखीच्या दृष्टीने सर्वांत निरुपयोगी. एक पूर्ण बाजूने आणि एक मागून, असे दोन साधे फोटो त्याहून मोलाचे ठरतात.

शंका राहिल्यास पक्षी उडेल तेव्हा कान द्यावा, कारण धोबी उडताना हटकून बोलतो. करड्याचा आवाज तीक्ष्ण, धातूवर ठोकल्यासारखा दुहेरी. पिवळ्याचा मऊ, एकच ‘स्वीप’. पिवळ्या डोक्याच्याचा त्याच वळणाचा पण खरखरीत. पांढऱ्याचा दोन अक्षरी ‘चिझिक’. आवाज कागदावर उतरवणे अवघड असते, म्हणून ओळख पक्की झालेल्या पक्ष्यांचे आवाज मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावेत आणि पुढे तेच ताडून पाहावेत.

वहीत नोंद करतानाही हाच क्रम ठेवावा: तारीख, जागा, पाठ, शेपटीखालचा भाग, पंखपट्टे, पाय, आवाज, आणि मग डोके. एवढे पाहूनही राखाडी पिल्लाची जात ठरत नसेल, तर जातीचे नाव लिहू नये. ईबर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर अशा पक्ष्याची नोंद गटाच्या पातळीवर करता येते; सोबत मागून काढलेला फोटो आणि पाहिलेल्या खुणा जोडाव्यात, म्हणजे नंतर कोणाला तो पक्षी तपासता येईल.